किसनआप्पांचं पाडकाम

किसनआप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या घरात झोपले होते. अगदी रीतसर. टोपी तोंडावर, चपला उशाशी, हात पोटावर, आणि घोरणं असं की खिडकीचं तावदान थरथरत होतं. त्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या नोकरीवरून दुपारीच घरी आले होते. आई पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या डोक्याशी उभी होती. प्यायला द्यावं की अंगावर ओतावं, हे तिचं ठरत नव्हतं.

"कोण हे?"

"घर पाडायला आलाय म्हणे," आई म्हणाली. "दारात आला, नमस्कार केला, म्हणाला, 'माय, आधी पाठ टेकू द्या.' मला वाटलं, उन्हानं चक्कर आली असेल. चटई दिली, तर पाच मिनिटांत हा असा!"

आमचं घर गुलमंडीच्या मागच्या गल्लीत होतं. दुमजली, दगड-चुन्याचं, निजामाच्या काळातलं. पुढच्या भागात खाली आईची खाणावळ, वर आम्ही राहायचो, आणि मागे अंगणापलीकडे बैठं स्वयंपाकघर. वडील गेल्यावर आईनं खाणावळ सुरू केली. अडतीस वर्षं तिथं शिकायला आलेली पोरं जेवली, कारकून जेवले, एसटीचे कंडक्टर जेवले. पाच वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले आणि खाणावळ बंद झाली. मग रस्ता रुंद करायचं निघालं. आमची पुढची भिंत त्यात जात होती, आणि ती गेल्यावर बाकीचं उभं राहणार नाही असं पाहणीत ठरलं. शहराच्या नव्या भागात, सिडकोत, आमचा फ्लॅट तयार होता. तयार नव्हती ती आई. "मला उचलून न्या," एवढंच म्हणायची. भाऊ आणि मी समजावून समजावून थकलो होतो. पालिकेनं दिलेली मुदत संपत आली होती, आणि पोलिसांसमोर आईला खरंच उचलावं लागेल याची मला धास्ती होती.

अशात भावानं हे ठेकेदार शोधून काढले. जवळच्या फुलंब्री गावचे. शेजारच्या अत्तरवाल्याची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे मशीन लावता येत नव्हतं. किसनआप्पा हातानं पाडतात अशी त्यांची ख्याती होती. झोपतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

तासाभरानं मी त्यांना उठवायला गेले. डोळे न उघडता त्यांनी एक बोट वर केलं. "ताई, थांबा. जिन्यावरची तुळई आत्ता कुठं बोलाया लागली."

उठल्यावर त्यांनी समजावलं. "दुपारचं ऊन तापलं का लाकूड सुटतंय, कुरकुर करतंय. कुठली तुळई दमली, कुठली दम धरून हाय, हे आडवं पडल्याबिगर कळत नाय बगा. इंजिनेर लोक उभ्यानं बघतेत. उभ्यानं घर खोटं बोलतंय."

घरांची प्रतवारीही ते झोपेवरूनच करायचे. शहागंजातली एक इमारत 'पाऊण तासाची' होती, म्हणजे सामान्य. पैठण गेटाजवळची एक 'सव्वा तासाची', उत्तम. एका ठिकाणी मालकिणीनं उशी आणि चादर दिली, तर आप्पा दिवेलागणीला उठले, आणि तोवर त्यांच्याच माणसांनी त्यांना सोडून भोवतालचे दरवाजे-खिडक्या काढून ठेवल्या होत्या. नव्या फ्लॅटांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "तिथं ढेकूण बी टिकत नाय, मानूस काय झोपंल?"

"आणि आमचं घर?" आईनं विचारलं. इतका वेळ ती रागात होती, पण राहवलं नाही.

आप्पांनी घड्याळ पाहिलं. "दोन तास दहा मिन्टं. माय, असं घर म्या बगितलं नाय."

आई तांब्या उचलून आत गेली. पण संध्याकाळी भावाच्या फोनवर तिनं हा आकडा दोनदा सांगितला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन आईचं सांगितलं. मला वाटलं, हेही समजावायला बसतील. ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "माय, तुम्ही ऱ्हावा की. कोन हलवतंय? म्या पुढून, वरून सुरू करतो. मागचं सैपाकघर समद्यात शेवटी. पर माझी सात मानसं हाईत, आन् हितलं हॉटेल त्येंच्या पोटाला मानवत नाय. काय करावं?"

आई कितीतरी वेळ पोळपाट पुसत राहिली. मग म्हणाली, "भाकरी ज्वारीची की बाजरीची?"

खाणावळ पुन्हा सुरू झाली. पुढे माळवदाचं छत उतरत होतं, मागे आई भाकऱ्या थापत होती. साडेबाराला ती हाक मारायची आणि घण थांबायचे. वाढायला मी रजा घेतली. पालिकेचे साहेब पाहणीला आले, त्यांनी हे पाहून कपाळाला हात लावला. "अहो, इथं अजून स्वयंपाक चालू आहे?"

"व्हय साहेब," आप्पा म्हणाले. "वांग्याचं भरीत हाय. बसा." साहेब बसले. जाताना ते आईला 'काकू, येतो' म्हणून गेले आणि आठवडाभर फिरकले नाहीत.

वरची खोली उतरल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "माय, रातीला लई धूळ बसत्या. झोपाया तेवढं फ्लॅटात जा. सकाळी लवकर या, मानसं वाट बगत्यात." आई झोपायला तेवढी सिडकोत जाऊ लागली. सकाळी रिक्षानं यायची, नोकरीला यावं तशी. दहा-बारा दिवसांत तिच्या गोळ्या, तिची जपमाळ, तिचे देव, सगळं एकेक करून सिडकोत पोचलं होतं. तिच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी जेवताना आईनं आप्पांना विचारलं, "घरी कोण असतं?"

"कुनी नाय. मंडळी जाऊन तीन वर्सं झाली. लेक पाचोडला, सासरी."

"मग घरी झोपता का असे दुपारचे?"

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "घरी नाय येत झोप," ते म्हणाले. "लोकायच्या घरात येती." आईनं न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

शेवटी फक्त स्वयंपाकघर उरलं. तो दिवस आईनं स्वतःच ठरवला. सगळ्यांना पुरणपोळ्या वाढल्या, भांडी माझ्याकडे दिली, ओटा पुसून कोरडा केला आणि अंगणात येऊन म्हणाली, "आता काढा." ओट्याचा पहिला दगड आप्पांनी पहार न लावता हातानं काढला. आई रिक्षात बसली ती स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. मी त्या रिक्षात तिच्याशेजारी बसून रडले. ती नाही. जे आम्हाला जमलं नाही ते या माणसानं एक शब्दही न समजावता केलं होतं, आणि त्याचे आभार कसे मानायचे हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

आईला ते कळलं. सिडकोत स्थिरावल्यावर महिन्याभरानं एका रविवारी ती म्हणाली, "फुलंब्रीला जाऊ." सोबत पिशवीत बेसन, ज्वारीचं पीठ, तेल, मिरच्या, सगळं घेतलं.

आप्पांचं घर पक्कं, झाडून लोटून लख्ख. आम्हाला बघून ते इतके गोंधळले की नमस्कार करायचा सोडून टोपीच शोधत राहिले. जेवण ते स्टँडजवळच्या हॉटेलात करत होते. स्वयंपाकघराच्या दाराला कडी होती. आईनं ती काढली. आत फळीवर डबे ओळीनं लावलेले होते, बायकोनं ठेवले तसेच. मिठाचं पाणी झालं होतं, गुळाचा दगड झाला होता. आईनं पदर खोचला. "आप्पा, मीठ आणा. आणि काडेपेटी."

आप्पा धावत गेले. मीठ, काडेपेटी, हिंग, साखर, दोन नारळ आणि एक नवी किसणी घेऊन आले. ती कशाला, हे त्यांनाही सांगता येईना.

थोड्या वेळानं पिठल्याला फोडणी बसली. मी बाहेर आले तर आप्पा अंगणात उभे होते, दाराकडे पाठ करून.

"आप्पा, आत या ना. पानं घेतलीत."

त्यांनी मागे न बघता हात वर केला.

"येतो, ताई," ते म्हणाले. "भांड्याचा आवाज येतोय आतून. जरा ऐकू द्या."