थोरलीला रिकामं करताना

एखादी गोष्ट रिकामी करायची असेल, तर आमच्या घराण्याचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. आमचे आजोबा कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, की आठवडाभरात यजमानच दुसरीकडे पाहुणे म्हणून निघून जात. त्यामुळे मॅडम डोक्याला हात लावून म्हणाल्या, "काका, संध्याकाळपर्यंत बॅटरी रिकामी झाली नाही तर सगळं संपलं," तेव्हा मी छाती पुढे काढली. "एवढंच ना? दुपारच्या चहाआधी करून देतो."

मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मी तिथला भांडारप्रमुख, निवृत्त होऊनही न गेलेला. आणि बॅटरी म्हणजे दोन कपाटांएवढं धूड. दिवसा उन्हाची वीज पोटात घ्यायची आणि ऊन गेलं की बाहेर काढायची. अशा तिळ्या बहिणी तीन देशांत होत्या. आमची थोरली, मधली बर्फाच्या मुलखात, धाकटी एका बेटावर. तिघींनी एकाच संध्याकाळी, अगदी रिकाम्या पोटी परीक्षेला बसायचं, असा करार. जिच्या पोटात काही शिल्लक निघेल ती बाद. म्हणजे मॅडमची कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात. आणि नेमकं त्याच सकाळी वीज जिरवायचं यंत्र धूर सोडून आडवं झालं होतं.

मी थोरलीची जाडजूड वायर थेट मागच्या वसाहतीच्या अंगणात नेली आणि हाक दिली, "वीज फुकट आहे, इस्त्र्या घेऊन या!"

सगळ्यात आधी कोण आलं असेल? आमची ही. डोक्यावर एवढं मोठं गाठोडं, की खाली बायको आहे हे मी चपलांवरून ओळखलं.

"लग्नातला शालूसुद्धा आणलास?"

"तुमच्या भरवशावर राहिले असते तर तो तसाच चुरगळलेला राहिला असता," ही म्हणाली आणि टेबल अडवून बसली.

मग वहिनी आल्या, मावश्या आल्या. अंगणात इस्त्र्यांची अशी वाफ उठली, की वरून जाणारे कावळे कडक होऊन पलीकडे उतरत होते. कपडे संपले तेव्हा पडदे आले, पडदे संपले तेव्हा पायपुसणी आली. एका मावशींनी तर वर्तमानपत्राला इस्त्री केली. पण थोरलीचा काटा? जागचा हलेना!

"काका, ही रिकामी होतेय की बाळसं धरतेय?" मॅडमचा आवाज रडकुंडीला आला होता.

तेवढ्यात सूर्यावर ढग आला आणि काटा झर्रकन खाली घसरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ढग गेला, काटा पुन्हा वर. मॅडमनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि मग फार शांतपणे माझ्याकडे.

"काका, छतावरच्या सौर पॅनेलची कळ बंद केलीत ना?"

मी जिना असा चढलो, की माझे गुडघे मागाहून आले.

दिवेलागणीला थोरली एकदाची रिकामी झाली. हुश्श करतोय तोच संगणकाच्या पडद्यावर बर्फाच्या मुलखातले दाढीवाले प्रोफेसर उगवले. तिन्ही बॅटऱ्यांचे आलेख तिन्ही देशांत दिसतात, हे उत्साहाच्या भरात आम्ही विसरलोच होतो.

"तुमचा आलेख दिवसभर माकडासारखा उड्या मारत होता. काय चाललं होतं?" त्यांनी विचारलं.

मॅडमना खोटं बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "इस्त्री."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मी दाराकडे सरकू लागलो.

मग दाढी हलली. "आम्ही इतकी वर्षं वीज सरळ रेषेत काढत बसलो. पण सरळ रेषेत राहतं कोण? घरं अशीच तर वीज वापरतात. रिकाम्या तर तिन्ही झाल्यात, परीक्षा उद्यापासून तुमच्याच पद्धतीनं घेऊ."

करार असा, की एकीचं जे होईल ते तिघींचं व्हायला हवं. त्यामुळे आता तिकडे डॉक्टरेट मिळवलेली मंडळी रांगेत उभी राहून इस्त्री करतात आणि आमची ही पडद्यावरून त्यांना "कॉलर आधी, बाह्या नंतर" म्हणून दरडावते. मॅडम भाषांतर करतात, तेही थोडं सौम्य करून.

परवा जावईबापूंनी विचारलं, "बाबा, या आंतरराष्ट्रीय संशोधनात तुमचं नेमकं काम काय?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? रोज इस्त्री करायची तर रोज चुरगळलेले कपडे लागतात. जेवण झालं की मी त्यांच्यावर झोपतो.