बंद पडणार नाही

फ्रीजमध्ये धप्पकन काहीतरी कोसळलं आणि दुपारची शांतता मोडली.

वीज जाऊन दोन तास झाले होते. दोन हजार सहाच्या त्या जुलैत लोडशेडिंग सुरू झालं की पंखा, फ्रीज, शेजारचा टीव्ही सगळेच एकदम गप्प होत आणि घर कसं कान देऊन बसल्यासारखं वाटे. ज्योत्स्नाने झोपलेल्या वैष्णवीच्या अंगाखालून हळूच हात काढून घेतला आणि फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यातला बर्फ ताटलीसकट खालच्या मेथीवर आला होता. चार दिवस घरातल्या ताटल्या, डब्यांची झाकणं, इतकंच काय, देवाचं ताम्हनसुद्धा बर्फ जमवायला फ्रीजमध्ये गेलं होतं. देव वाटीत आंघोळ करत होते.

"अहो," तिने मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "तुमचा हिमालय वितळला!"

मागच्या पत्र्याच्या शेडमधून संतोष हात पुसत आला. सातपूरची कंपनी बंद पडल्यापासून आठ महिने तो त्या शेडमध्ये स्कूटरी दुरुस्त करत होता. पण सध्या तिथे उभी होती ती स्कूटर नव्हती. पुढे होडीच्या तळासारख्या दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रुंद रबरी पट्टा, आणि चाक एकही नाही. बर्फावर चालणारी गाडी. नाशकात.

ती आणली होती टशीने. मनालीच्याही वर कुठेतरी त्याचं गाव. हिवाळ्यात परदेशी पाहुण्यांना तो या गाडीवर बसवून पार वर, जिथे रस्ता नाही, वस्ती नाही, अशा उतारांवर नेऊन सोडायचा. तिथून ते पायाला फळ्या बांधून घसरत खाली यायचे. तिकडे हिच्या इंजिनाला कोणी हात लावेना, तेव्हा सफरचंदाचा ट्रक चालवणारा यादव म्हणाला, नाशकात एक माणूस आहे, टू-स्ट्रोक इंजिन आवाजावरून ओळखतो. हंगामातल्या पहिल्या पेट्यांच्या मागे गाडी लादून दोघं थेट सातपूरला आले.

आल्या दिवशी चहा पिताना टशीने सांगितलं होतं, तेही साखर कमी आहे म्हणावं इतक्या साध्या आवाजात. गेल्या फेब्रुवारीत पाहुण्यांना सोडून परतताना गाडी वर बंद पडली. तो आणि त्याचा धाकटा भाऊ चालत निघाले. भाऊ म्हणाला, पाच मिनिटं बसतो. आणि बसला तो बसलाच. टशी खाली पोचला, पण डाव्या हाताची दोन बोटं थंडीने झडली, वरच राहिल्यासारखी. कप धरताना तो तीनच बोटांनी धरायचा.

"माँ ने बोला है," तो म्हणाला, "जिसने बनाई, उससे लिखवा के लाओ कि बंद नहीं पड़ेगी। तभी घर से निकलने देगी।"

"एवढंच ना?" संतोष म्हणाला. "ज्योत्स्ना, तुझं अक्षर चांगलंय. लिही."

वैष्णवीच्या दुरेघी वहीचं पान फाडून तिने हिंदीत लिहिलं, 'यह गाड़ी बंद नहीं पड़ेगी।' लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. कुठल्या तरी डोंगरातली एक बाई हा कागद कोणाकडून तरी वाचून घेणार होती, आणि मग मुलाला जा म्हणणार होती.

"चालताना मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुम्हाला सही करू देणार नाही," ती म्हणाली.

"अगं, स्टँडवर मस्त चालतेय!"

"स्टँडवर वैष्णवीची सायकलपण चालते."

इथून सगळा घोळ सुरू झाला.

पहिल्यांदा संतोषने गाडी कॉलनीच्या रस्त्यावर काढली. रबरी पट्टा ज्या नायलॉनच्या पट्ट्यांवरून फिरतो, त्या पट्ट्या खालच्या बर्फाने गार राहतात. खाली डांबर असल्यावर काय होणार? चाळीस फुटांवर धूर निघाला आणि शेजारच्या लंकाबाई घाईघाईने बाहेर आल्या.

"कोणाचं दूध उतू गेलं गं?"

नव्या पट्ट्या कापून बसवल्या. मग फ्रीजचा प्रयोग. तो मेथीवर कोसळल्यावर संतोषने बर्फाच्या कारखान्यातून सहा लाद्या आणल्या, हातोड्याने फोडून गल्लीत अंथरल्या. गाडीची दोरी ओढून ओढून इंजिन सुरू होईपर्यंत निम्मा बर्फ गटारात गेला होता आणि निम्मा कॉलनीतल्या पोरांच्या तोंडात. टशी कडेला उभा राहून बघत होता.

"संतोष भाई," तो अदबीने म्हणाला, "इसको हम लोग बर्फ नहीं बोलते।"

शनिवारी यादव कांदा भरून परत निघणार होता. शुक्रवारी सकाळी डोक्याला हात लावून बसलेल्या नवऱ्याकडे बघता बघता ज्योत्स्नाला सुचलं.

"खाली ओलं हवं आणि मऊ हवं, एवढंच ना? मग माझ्या माहेरी चला."

तिचं माहेर इगतपुरीजवळ. भाताची आवणी, म्हणजे लावणी, तोंडावर होती, खाचरं पाण्याने डबडबलेली. यादव रिकामा ट्रक घेऊन कुरकुरत निघाला आणि दुपारपर्यंत ती बिनचाकी गाडी पुंजाच्या, म्हणजे ज्योत्स्नाच्या वडिलांच्या, बांधावर उतरली. पुंजाने जू खांद्यावर असलेली बैलजोडी थांबवून तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"आनि ह्याच्यावर बसून लोकं वर जात्यात?"

"हो, आप्पा. आणि घसरत खाली येतात."

"खालीच यायचं हाय, तर वर कशाला जात्यात?"

ज्योत्स्नाने हिंदी करून सांगितलं. टशी हसला. "मेरी माँ भी यही पूछती है।"

संतोषने दोरी ओढली. इंजिन तडतडलं, मागचा पट्टा फिरला, आणि गाडी खाचरात अशी सुटली की चिखलाचं कारंजं थेट यादवच्या शर्टावर. या टोकाला जा, त्या टोकाहून ये. पट्ट्या गार, धूर नाही. बैलांना अर्धा दिवस लागतो ती चिखलणी वीस मिनिटांत लोण्यासारखी झाली. पुंजाने चिखलात हात घालून बघितला आणि बैलांकडे जरा ओशाळल्या नजरेने पाहिलं.

मग वेग द्यायची तार अडकली. गाडी बांध ओलांडून शेजारच्या भिकाच्या खाचरात शिरली, तिथे तीन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे तार सुटली. भिका काठी घेऊन धावत आला.

"कोन हाय रं त्यो? कोनाला इचारून घातली?"

"भिकाकाका, चुकून..." ज्योत्स्ना पुढे झाली.

भिका खाचराकडे बघत राहिला. काठी खाली आली.

"चुकून काय चुकून? मधीच कशापायी थांबवली? त्यो कोपरा ऱ्हायला की माझा!"

चारपर्यंत बांधावर रांग लागली. तार नीट बसवून आळीपाळीने संतोष आणि टशी गाडी फिरवत होते. सहा खाचरं झाली. टशीच्या दाढीला चिखल, भुवयांना चिखल, आणि तो मोठ्याने हसत होता. नाशकात आल्यापासून ज्योत्स्नाने त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. कागद लिहिताना जी शंका तिच्या मनात घट्ट बसली होती, ती सैल झाली. तिने पिशवीतून दुरेघी कागद काढला. संतोषने वैष्णवीच्या पाठीवर ठेवून त्यावर सही ठोकली, आणि वैष्णवी गुदगुल्या होऊन खिदळली. टशीने हात पँटला तीनतीनदा पुसून कागद घेतला, घडी घातली, वरच्या खिशात ठेवला.

"आता शेवटचं एक," संतोष म्हणाला आणि सातव्या खाचरात गाडी घेऊन गेला.

अगदी मधोमध गाडी बंद पडली.

खोकली नाही, धूर नाही, काही नाही. बंद. एवढा वेळ दबून बसलेले बेडूक एकदम ओरडायला लागले.

संतोषने दोरी ओढली. दहादा, वीसदा. टोपण उघडलं. प्लग काढून पुसला, ठिणगी पडत होती. पेट्रोल होतं. पट्टा शाबूत होता. बांधावरून सल्ले आले.

"साकर पडली आसंल टाकीत."

"नजर लागली, नजर. भिक्याची."

"माझी कामून? माझं तर समदं झालंय!"

तासभर गेला. वाट चुकल्यासारखा पाऊस येऊन गेला. शेवटी पुंजा उठला, बैल खाचरात घातले, दोर बांधला. "हो... हो, बाबा... ओढा." बैलांनी मान खाली घातली, गुडघ्यापर्यंतचा चिखल तुडवत, फुरफुरत ती परदेशी गाडी बांधावर आणून ठेवली. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

बांधावर संतोषने सवयीने दोरी ओढली. एका झटक्यात इंजिन सुरू. जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"बघ!" संतोष ओरडला. "झाली की नाही?"

"कशामुळे बंद पडली होती?" ज्योत्स्नाने विचारलं.

"अगं, झाली ना चालू!"

"पण कशामुळे बंद पडली होती?"

आवाजावरून इंजिन ओळखणाऱ्या माणसाने गाडीकडे बघितलं, मग हातातल्या पान्याकडे.

"कळलं नाही," तो हळूच म्हणाला.

यादवने हॉर्न दिला. कांदा भरायचा होता. चौघांनी मिळून गाडी फळ्यांवरून ट्रकमध्ये चढवली. टशी तिला दोर बांधून खाली उतरला, ज्योत्स्नासमोर येऊन उभा राहिला. खिशातला कागद काढून तो त्याने तीन बोटांत धरला होता. पुढेही करत नव्हता, परत ठेवतही नव्हता.

"छह खेत तक तो चली, दीदी," तो म्हणाला.

वैष्णवी बैलांच्या पायांवरचा चिखल काडीने खरवडत होती. तिथूनच मान वर करून तिने विचारलं,

"आई, टशीमामांच्या तिथे वर बर्फात बैल असतात?"

'बैल' तेवढं टशीला कळलं. तोही ज्योत्स्नाकडे बघू लागला.