गुलाबी फॉर्म, पिवळा फॉर्म

"अठ्ठेचाळीस टक्के?" साहेब खुर्चीतून ताडकन उठले. "ताई, पुन्हा बोला!"

"अठ्ठेचाळीस, साहेब. तीनदा मोजलंय."

ऑफिसात सगळे तिला आकडेताई म्हणत. लोकांची मतं गोळा करणारी ती छोटीशी कंपनी, माणसं इनमिन सहा, आणि आलेल्या उत्तरांची आकडेमोड करायला ही एकटी. तीही सहा महिन्यांच्या बोलीवर. ते सहा महिने येत्या शुक्रवारी संपत होते. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "वाचनालयाचं काम झकास झालं तर कायम. नाहीतर बघू." 'बघू' म्हणजे काय, ते ताईला चांगलं ठाऊक होतं. आधीच्या दोन नोकऱ्या 'बघू' म्हणतच गेल्या होत्या, आणि आई रोज दारातच विचारायची, "झालं का गं कायम?"

वाचनालयाच्या समितीला जाणून घ्यायचं होतं, की वाचनकक्षात मोबाइलवर बोलण्याबद्दल लोकांचं म्हणणं काय. पण पाच जणांच्या समितीत जुंपली ती प्रश्न कसा विचारायचा यावरच. दोघं म्हणाले, 'बोलायला बंदी घालावी का?' असं विचारा. तिघं म्हणाले, छे, 'बंदी' म्हटलं की माणूस बिचकतो, 'बोलू द्यावं का?' असं विचारा. शेवटी ताईनेच तोड काढली. दोनशे गुलाबी फॉर्मांवर पहिला प्रश्न, दोनशे पिवळ्यांवर दुसरा. सगळे फॉर्म पत्त्यांसारखे पिसायचे. कोणाच्या हातात कुठला पडेल हे निव्वळ नशिबावर राहिलं, तरच उत्तरांतला फरक शब्दांमुळे पडला असं म्हणता येतं.

आणि काय फरक पडला होता, तब्बल अठ्ठेचाळीस टक्क्यांचा! गुलाबी फॉर्मवाले त्रेचाळीस टक्के म्हणत होते, बंदी घाला. पिवळ्या फॉर्मवाले एक्क्याण्णव टक्के म्हणत होते, अजिबात बोलू देऊ नका. शब्द तेवढे बदलले आणि निम्मी माणसं इकडची तिकडे झाली होती.

"याला म्हणतात शब्दांची ताकद!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "मोठ्ठा तक्ता छापून घेतो. दारापेक्षा मोठा! तीन वाजता समितीपुढे मांडायचा. आपल्या काकांनाही बोलावतो, भर गर्दीत फॉर्म भरून घेतलेत बिचाऱ्यांनी."

ताई जागेवर आली ती तरंगतच. आता आईला काय सांगायचं, कसं सांगायचं, याचीसुद्धा मनात जुळवाजुळव झाली. वेळ होता म्हणून तिने पिवळा गठ्ठा सहज चाळायला घेतला. फॉर्मच्या तळाशी 'आणखी काही सांगायचं आहे?' असा एक चौकोन असतो. तो कोणी भरत नाही, म्हणून कोणी वाचतही नाही. पिवळ्यांवर मात्र तो गच्च भरला होता.

'बंदी आत्ता, या क्षणी घाला.'

'समोरच्या काकांपासून सुरुवात करा.'

'यांच्या बायकोने दुधी आणलाय, हे मला का कळावं?'

ताईने गठ्ठा बाजूला ठेवला. तिने काकांना फोन लावला. काका म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ; ते आणि ऑफिसातल्या मावशी मिळून लोकांकडून फॉर्म भरून घ्यायचे. पस्तीस वर्षं खरखरत्या लायनींवर बोलून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की त्यांच्या हातात मोबाइल केवळ शोभेला असायचा.

"काका, फॉर्म पिसलेले होते ना? तसेच वाटलेत ना?"

"पिसलेले कसले, नुसता काला झाला होता!" पलीकडून गर्जना आली. "घरी बसून दोन तास खपलो नि वेगळे लावले. गुलाबी मावशींना दिले, त्या बाहेर फाटकाशी उभ्या होत्या. पिवळे मी घेतले, आत वाचनकक्षात. एकदम टापटीप काम!"

"आणि तिथं तुम्ही फोनवर बोलत होतात?"

"दर दहा फॉर्म झाले की हिला कळवत होतो. काळजी करते हो ती."

झालं! गुलाबीवाले लोक बाहेर मोकळ्या हवेत, आणि पिवळेवाले काकांच्या आवाजाखाली. शब्दांची ताकद कसली घेऊन बसलात, ती काकांच्या घशाची ताकद होती!

ताई धावत साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकलं, मग दाराएवढ्या तक्त्याच्या गुंडाळीकडे बघितलं. "ताई, हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. समितीला कुठं ठाऊक? गप्प बसायचं. शुक्रवार लक्षात आहे ना?"

तीन वाजता समितीच्या खोलीत तक्ता उलगडला. वाचनकक्ष आणि ही खोली यांच्यात लाकडाचा पातळ पडदा तेवढा होता. काकांना पलीकडेच बसवून ठेवलं होतं. साहेब बोलत सुटले. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला आणि थेट ताईलाच विचारलं, "इतका फरक? तुमची खात्री आहे?"

साहेबांनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. ताईला डोळ्यांपुढे घराच्या दारात उभी असलेली आई दिसली. आणि कशी कोण जाणे, जीभ सुटलीच.

"नाही. खात्री नाही. आमचं चुकलंय." मग तिने सगळं सांगून टाकलं, फॉर्म, फाटक, काका, दुधी, सगळं. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे काय, एका माणसाच्या आवाजामुळे एक्क्याण्णव टक्के?" समितीतले एक गृहस्थ हसले. "काहीतरीच! फोनवरच्या बोलण्याचा एवढा त्रास होतो होय कोणाला?"

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "हॅलो! हां, मीच! अगं, माझं कौतुक चाललंय आत!"

पडदा थरथरला. टेबलावरचा पेला किणकिणला. "काय? कुकरची शिट्टी होत नाही? रिंग बघ रिंग! अगं, झाकणाची!"

अध्यक्षबाईंनी हात वर केला. मग एकेक करत पाचही हात वर गेले, हसलेल्या गृहस्थांचा सर्वांत उंच. ताईने सवयीने मोजलं. शंभर टक्के.

"बंदीचं ठरलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता शब्दांचं राहिलं. ते पुन्हा नीट करा, आणि आमच्या बाकीच्या चार शाखांचंही काम घ्या. पण आकडे या बाईंनीच करायचे. स्वतःची चूक आपणहून सांगणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटलं."

साहेबांनी डोळे उघडले. "तर! म्हणून तर आम्ही त्यांना आजपासून कायम केलंय!"

ताईचा जीव भांड्यात पडला. ती धावतच बाहेर आली. वाचनकक्षात शिपाई 'मोबाइलवर बोलू नये' असा कागद भिंतीला चिकटवत होता. अध्यक्षबाईंची बोलणी खाल्लेले काका खाली मान घालून त्याला खळ देत होते. पण ताईला कागद दिसला नाही, काका दिसले नाहीत. तिने फोन लावलाच होता.

"आई! अगं झाले! कायम झाले! हो, खरंच! रडतेस काय?"

चाळीस माना एकदम वळल्या. आणि खळीचं भांडं सांभाळत काका पुढे आले, ओठांवर बोट ठेवून, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ताई, हळू. लोक वाचतायत."