कुलूपवाल्याच्या रक्तवाहिन्या

दुकानावर पाटी होती : ‘न उघडणारे कुलूप अजून बनायचे आहे.’ तीस वर्षं कुलूपवाला त्या पाटीच्या जिवावर ताठ मानेने जगला होता. आज मात्र त्याच्या हातात गोळ्यांची बाटली होती आणि तिचं झाकण नुसतं गरगर फिरत होतं.

बाटली मेहुण्याची. त्याने नुकतीच अँटिऑक्सिडंट व्हिटॅमिनांची एजन्सी घेतली होती आणि तेव्हापासून तमाम नातेवाइकांच्या रक्तवाहिन्यांची काळजी त्याला खाऊ लागली होती. “रोज दोन गोळ्या घ्या दाजी, रक्तवाहिन्या कडक व्हायची बिशाद नाही!”

“अहो, दाबून फिरवा,” बायको म्हणाली.

“कुलूपवाल्याला शिकवतेस?”

तिची पाठ वळल्यावर त्याने दाबून पाहिलं. झाकण टक्क वाजलं आणि पुन्हा गरगर. मग पक्कड झाली, हातोडी झाली, अंगठाही चेचून झाला. किल्लीचं भोकच नाही, तर माणसाने करावं तरी काय!

तेवढ्यात समोरचा शिंपी कपाटाचं कुलूप दुरुस्तीला घेऊन आला. त्याला सकाळी कळलेलं दुपारपर्यंत गावाला पाठ व्हायचं.

“काय हो, साधं झाकण उघडेना?” त्याने आनंदाने विचारलं.

कुलूपवाल्याच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. बाटली खिशात टाकून अंगठा दाखवायला तो डॉक्टरांकडे गेला. काळजीपोटी शिंपीही गेला.

“प्रेशर केवढं वाढलंय! काय करत होतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“रक्तवाहिन्या मऊ ठेवत होतो.”

डॉक्टरांनी बाटली पाहिली. “असल्या गोळ्यांनी रक्तवाहिन्या कडक व्हायच्या थांबतात, असं मोठमोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. भाज्या खा, चाला, सिगारेट सोडा. ही बाटली उघडूसुद्धा नका.”

कुलूपवाल्याचा जीव भांड्यात पडला. “डॉक्टर, ते शेवटचं वाक्य तेवढं लिहून द्या.”

चिठ्ठी पाटीखाली चिकटली. “डॉक्टरांची मनाई आहे, नाहीतर एका मिनिटाचं काम,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. शिंप्याचं तोंड एवढंसं झालं.

संध्याकाळी शिंपी कुलूप न्यायला आला. दोन स्क्रू लावायचे तेवढे राहिले होते. कुलूपवाल्याने खण उघडला, तर तो रिकामा.

बायको हसतमुखाने बाटली घेऊन पुढे झाली. “गोळ्या टाकल्या कचऱ्यात. तुमचे स्क्रू सारखे सांडायचे, ते भरून ठेवलेत यात. झाकण कसं घट्ट आहे बघा!”

शिंप्याने स्टूल ओढून घेतलं आणि ऐसपैस बसला.