मोठ्याने म्हणा, बाई

काही लोक पूल बांधतात, काही दाढा उपटतात. मी अनोळखी माणसांच्या बुडाखालच्या खुर्च्या ओढतो आणि ती पडत असताना त्यांचं चित्रीकरण करतो. हा रीतसर व्यवसाय आहे. त्याला थट्टापट म्हणतात आणि त्याचा दिग्दर्शक म्हणून मला सभासमारंभांत पुढच्या रांगेत बसवतात. मात्र बसण्यापूर्वी मी खुर्ची हलवून पाहतो.

एका चित्रपटात मी खोट्या प्रेतयात्रेतलं प्रेत झालो आणि भर रस्त्यात उठून बसून खांदेकऱ्यांकडे चहा मागितला. दुसऱ्यात न्हावी होऊन लग्नाच्या सकाळी एका नवरदेवाचं अर्धंच डोकं भादरलं. लोक चिडले, रडले, अंगावर धावून आले, आणि चित्रपट चालले. ‘विनोदाला सीमा नसते,’ असं मी मुलाखतीत सांगायचो. या वाक्याचा अर्थ मला नीटसा माहीत नव्हता. पण ते म्हणताना चष्मा काढून हातात धरला की समोरचा मान डोलवायचा.

पुढे लोक सुधारले. प्रेत उठून बसलं तरी ते आधी कॅमेरा शोधू लागले, केस सारखे करू लागले. कुणी चिडेना. धंद्यावर संकट आलं.

“भावना दुखावल्या पाहिजेत रे,” निर्माता कळवळून म्हणाला. हा गृहस्थ इतका हळवा, की लोकांच्या भावना दुखावल्या नाहीत तर त्याला झोप लागत नसे. “जिथे माणूस कॅमेरा शोधतच नाही, अशी जागा काढ.”

अशी जागा एकच होती: सरकारी कचेरी. तिथे माणूस फक्त रांगेचं टोक शोधतो.

शहरातल्या मोठ्या कचेरीत तळमजल्यावर एक रिकामी खोली होती. ती वापरायची परवानगी कोणाकडे मागायची, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा आम्ही ती मागितली नाही. भिंतीत खिडकी पाडली, वर ‘पूर्वतपासणी कक्ष’ अशी पाटी लावली. कॅमेरामन कपाटात बसला, निर्माता मागच्या खोलीतून माझ्या कानातल्या यंत्रात बोलणार होता, आणि मी मिशी चिकटवून, जाड भिंगांचा चष्मा लावून खिडकीत बसलो. बेत साधा होता. येणाऱ्याला सांगायचं, “आत जाण्याआधी एका पायावर उभे राहा आणि मी मूर्ख आहे असं म्हणा.” पहिलाच माणूस खिडकीतून हात घालून माझी मिशी उपटेल, मारामारी होईल, चित्रपट तयार.

पहिले आले ते एका महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कोणता पाय?” त्यांनी विचारलं.

मी गडबडलो. “डावा.”

“अरेरे. मी उजव्याची तयारी करून आलो होतो,” असं म्हणून ते डाव्या पायावर उभे राहिले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात मूर्ख झाले. जाताना त्यांनी आभार मानले.

त्यांच्यामागे एक बाई होत्या. “मिस्टर कामावर गेलेत. त्यांच्या वतीने मी मूर्ख आहे म्हटलं तर चालेल का?”

“चालणार नाही. मूर्खाने स्वतः हजर राहायला हवं.”

“मग उद्या त्यांनाच पाठवते,” बाई म्हणाल्या. “तसे ते आहेतच.”

दुपारपर्यंत रांग जिन्यापर्यंत गेली आणि एकदाचं भांडणाला तोंड फुटलं. कपाटात कॅमेरामन सरसावून बसला. पण भांडण माझ्याशी नव्हतंच. “हा माझ्या मागून आला आणि माझ्या आधी मूर्ख झाला!” असं एक शिंपी ओरडत होता, आणि सगळी रांग त्याच्या बाजूने होती.

निर्माता हवालदिल झाला. “अजून अपमान कर,” तो कानात ओरडला. दुसऱ्या दिवशी आम्ही एक गाढव आणलं. त्याला टाय बांधला, माझ्या शेजारी उभं केलं आणि “आधी साहेबांना वाकून नमस्कार करा,” असं सांगायला सुरुवात केली. लोकांनी नमस्कार केला. एका कंत्राटदाराने तर मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, “साहेब घेतात का?” मी नाही म्हटलं, तर त्याचा चेहरा पडला. “कडक दिसतात,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने गवताची पेंढी ठेवून गेला.

तिसऱ्या दिवसापासून कचेरीतले खरे शिपाईच लोकांना परत पाठवू लागले: “आधी पूर्वतपासणी करून या.” वरच्या मजल्यावरचे एक अधिकारी खाली येऊन आमची पद्धत पाहून गेले. “छान. आमच्याकडे लोक आत येऊन मूर्ख ठरतात, त्यात फार वेळ जातो,” ते म्हणाले.

आणि मग रांगेत आई दिसली.

तिच्या पेन्शनचं काम अडलं होतं. मी तिला घेऊन जाणार होतो. पुढच्या सोमवारी, असं मी तिला बऱ्याच सोमवारी सांगितलं होतं. शेवटी ती एकटीच आली होती, हातात पिशवी, गुडघ्याला पट्टा.

मी मान खाली घातली. निर्मात्याला काही माहीत नव्हतं. “वा, म्हातारी!” तो कानात म्हणाला. “सोडू नकोस.”

या क्षणी मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे, त्यामुळे सांगत बसत नाही. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “एका पायावर उभ्या राहा.”

आईने खिडकीची कड धरली. दुखरा गुडघा उचलला आणि चांगल्यावर उभी राहिली. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “मी मूर्ख आहे.”

“मोठ्याने म्हणायला लाव,” कानात आवाज आला.

“मोठ्याने म्हणा, बाई,” मी म्हणालो.

ती मोठ्याने म्हणाली. पाय टेकवून जराशी दम खात उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, माझा मुलगा येणार होता. पण त्याला कामातून वेळ नाही. त्याच्या वाटचंही आत्ताच म्हणून टाकू का? म्हणजे त्याची खेप वाचेल.”

मागच्या खोलीत निर्माता हसून हसून खुर्चीवरून पडला. आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आईने पुन्हा गुडघा उचलला आणि माझ्या वाटचंही म्हणून टाकलं. मग गाढवाला वाकून नमस्कार केला. वाकलेली असतानाच तिला त्याचा टाय तिरका दिसला. तिने तो सारखा केला, वर त्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि निघून गेली. कपाट गदागदा हलत होतं. आणि मीही हसलो. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड हसत होतं; इतक्या वर्षांची सवय.

संध्याकाळी मी आईकडे गेलो. ती खुशीत होती.

“झालं काम. माणसं फार चांगली होती. खिडकीवरचा तर इतका कामसू, मान वर करायला फुरसत नाही बिचाऱ्याला.” तिने माझ्या पुढ्यात चहा ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी सांगणार होतो. पण चहा गरम होता, आणि तो निवेपर्यंत विषय बदलला.

माझे चित्रपट माझी बायको संकलित करते. तिने तो प्रसंग पडद्यावर पाहिला, चित्र थांबवलं आणि माझ्याकडे वळली.

“ह्या आई आहेत.”

“हो.”

“काढून टाकते.”

“काढच,” मी म्हणालो.

निर्माता काढू देईना. “बाकी सगळं पाणी आहे, हा एकच प्रसंग दूध आहे,” तो म्हणाला. करारानुसार शेवटचा शब्द त्याचा होता. “तू काढ, मी दुसऱ्या संकलकाकडून घालून घेईन.” बायको माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा काढून हातात धरला. तिने मान डोलवली नाही.

आता एकच आशा उरली होती: परीक्षण समिती. समाजाच्या भावना जपण्यासाठीच ही समिती असते. आयुष्यभर मी तिला मागासलेली म्हणत आलो होतो. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यासमोर बसलो आणि मनातल्या मनात प्रार्थना केली, की बायांनो, बाप्यांनो, आज मागासलेपणा सोडू नका.

चित्रपट संपल्यावर अध्यक्षबाईंनी आक्षेप सांगायला सुरुवात केली. गाढवाला टाय बांधण्यापूर्वी त्याची संमती कोणी घेतली? कचेरीतला पंखा बंद दाखवला आहे, त्यातून प्रशासनाची बदनामी होते. तो फिरता करावा. ‘मूर्ख’ या शब्दावर बराच खल झाला.

“हा शब्द एखाद्या विशिष्ट समाजाला उद्देशून आहे का?” बाईंनी विचारलं.

“नाही. सगळ्यांनाच आहे.”

“मग हरकत नाही.”

मी धीर करून म्हणालो, “आणि त्या म्हातारबाईंचा प्रसंग? तो कापायला हवा ना?”

बाईंचा चेहरा उजळला. “छे, छे! तोच तर निखळ कौटुंबिक आहे. आई मुलाच्या वाटचं करते! आजकाल असं पाहायला मिळत नाही. बाकीच्या चित्रपटासाठी काय ते ठरवू, पण एवढ्यासाठी लहान मुलांनाही प्रवेश द्यावा, असं माझं मत आहे.”

“बाई, त्यांचा अपमान होतोय.”

“त्यांनी तक्रार केली आहे?”

“नाही.”

“जवळच्या नातेवाइकाने?”

“मी मुलगा आहे त्यांचा.”

मग बाई सहानुभूतीने म्हणाल्या, “असं होय. मग तुम्ही तक्रार करा ना.”

“कोणाविरुद्ध?”

“दिग्दर्शकाविरुद्ध.”

“दिग्दर्शक मीच.”

“मग आपसात मिटवा,” बाई म्हणाल्या आणि पंख्याकडे वळल्या.

चित्रपट लागला. आई म्हणाली, “तुझा सिनेमा आहे, मी येणारच.” मी खूप कारणं सांगितली. शेवटी बायकोच तिला घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवून, स्वतः मुद्दाम दूर जाऊन बसली.

प्राचार्यांनी पाय बदलला, तेव्हा आई हसली. मिस्टरांच्या बाई आल्या, तेव्हा तर तिने माझ्या दंडावर चापटच मारली. शिंप्याला हसताना तिला ठसका लागला. मग पडद्यावर पिशवी आली, पट्टा बांधलेला गुडघा आला. अख्खं सभागृह खदखदून हसलं. पुढच्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थाने मांडीवर थाप मारली. आई गप्प झाली.

“आई,” मी म्हणालो, “तुला मी ओळखू आलो नव्हतो ना...”

“आवाज ओळखत नाही होय मी तुझा?” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “तुला तिथे बसलेला पाहिलं आणि वाटलं, लागला एकदाचा सरकारी नोकरीला. ओळख दाखवली असती तर लोक म्हणाले असते, आईला पुढे घेतलं. तुला पहिल्याच महिन्यात बोल लागला असता.” मग तिने विचारलं, “म्हणजे नोकरी नाहीच का लागली?”

“नाही, आई. गंमत होती ती.”

“हं,” आई म्हणाली.

माझ्या व्यवसायात माणूस पडला की चित्र कापतात; पडलेला माणूस पुढे किती वेळ तसाच बसून राहतो, ते दाखवत नाहीत. मी मात्र तिच्या शेजारीच बसलो होतो, त्यामुळे मला पाहावं लागलं. मग पडद्यावर दुसरा एक म्हातारा आला, एका पायावर तोल जाऊन गाढवाच्या गळ्यातच पडला. सभागृह हसलं. आईने डोळे पुसले आणि तीही हसू लागली.

दिवे लागले. पुढचा जाडा गृहस्थ वळला आणि आनंदाने ओरडला, “अहो आजी, तुम्हीच ना त्या? काय हसवलंत हो! पोट दुखलं माझं.”

आईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही नाही दिसलात कुठे यात?”

“मी? छे! मी नाही यात.”

“अगंबाई,” आई खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाली, “मग तुमचं राहिलंच की अजून.”

गृहस्थाचं हसू जरा मावळलं. त्याने आजूबाजूला पाहिलं, पुढे वाकला आणि हळू आवाजात विचारलं, “सकाळी लवकर गेलं, तर गर्दी कमी असते का हो?”