धून माझी नव्हे

कलमुरात आजोबांनी स्वतःचीच धून चोरली, असं व्हिडिओच्या संकेतस्थळावरच्या तपासणी-यंत्राचं म्हणणं पडलं. ती धून बिश्केकच्या एका कंपनीची, सात दिवसांत खुलासा न आल्यास चॅनल बंद, असं नोटिशीत स्पष्ट होतं. म्हणजे अकरा वर्षांत कोमुझ या तीनतारी वाद्यावर वाजवलेलं सगळं गेलं. शिवाय मॉस्कोत राबणारं निम्मं नारीन गाव दर शुक्रवारी त्या चॅनलवर डोळे पुसायचं, त्यांनी जायचं कुठे?

नात आकमारल खुलाशाचा अर्ज भरायला बसली. "पहिलाच प्रश्न सोपा आहे. धून तुमची स्वतःची का? हो लिहिते."

"नाही लिही."

"आजोबा, घोडी व्याली त्या दिवशी ही धून तुम्हीच बांधलीत ना? आजी सांगायची."

"बांधली असेल. म्हणून स्वतःच्या तोंडानं माझी म्हणू? लाजलज्जा आहे की नाही? धून उस्तादांची. लिही, मुकाम्बेत उस्ताद."

तिनं कपाळाला हात लावला आणि लिहिलं. यंत्रानं लगेच मुकाम्बेत उस्तादांचं सहीचं परवानगीपत्र मागितलं. उस्तादांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

आता मात्र आकमारलनं गुपचूप एर्मेकला फोन लावला. आजोबांचा हा लाडका शागीर्द. त्यानं वाजवलेल्या याच धुनेचं ध्वनिमुद्रण कंपनीनं काढलं होतं, आणि त्याच्याच जोरावर हक्क सांगितला होता.

"माझ्या उस्तादांवर चोरीचा आळ?" एर्मेक रडवेला झाला. "अगं, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. थांब, आत्ता लिहितो."

त्यानं लिहिलं, 'धून माझी नव्हे, कलमुरात उस्तादांची.' कंपनीचा वकील धावत येईपर्यंत पत्र गेलंही होतं.

दुसऱ्या दिवशी आजोबांची धून परत आली. आकमारल टाळ्या पिटत होती, तेवढ्यात पुढची ओळ दिसली. आता चोर एर्मेक ठरला होता. त्याची धून काढून टाकली होती, आणि शनिवारी तर त्याचा पहिलावहिला जलसा.

आजोबांचा चहा निवला. "गाढव आहे तो. असं कुणी लिहितं का?"

"तुम्हीच शिकवलंत."

आजोबांनी दाढी कुरवाळली. "मी परवानगी दिली तर सुटेल तो?"

"सुटेल. पण परवानगी धनीच देऊ शकतो."

आजोबांचे कान लालबुंद झाले. सत्त्याहत्तर वर्षांत असलं वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. "लिही," ते खिडकीकडे बघत पुटपुटले, "धून माझी. एर्मेकला दिली. आणि ज्याला वाजवावीशी वाटेल त्यालाही."

"काय म्हणालात? पहिलं वाक्य नीट ऐकू आलं नाही."

"आलंय तुला ऐकू. लिही."