यंत्रावरचा चष्मा

फोटोत बटणं पाडायच्या यंत्रावर एक चष्मा होता. काड्या नीट मिटलेल्या, डावी काळ्या दोऱ्याने बांधलेली. कारखान्याला सील ठोकण्यापूर्वी न्यायालयाच्या माणसाने सगळ्या सामानाचे फोटो काढले होते, आणि त्या गडबडीत कारखान्याच्या मालकांचा, बटणवाल्यांचा, चष्मा आतच राहिला.

कारखाना दिवाळखोरीत निघाला होता. यंत्र घ्यायला त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक बाई तयार होती. तिला ते चालवायचं होतं. करारात अट होती, दिवाळखोरी न्यायालयाने मंजुरी दिली तरच विक्री पक्की. महिनाअखेरपर्यंत मंजुरी आली नाही, तर करार रद्द आणि यंत्र भंगारात. आणि मंजुरीसाठी न्यायालयाला बटणवाल्यांची संमती हवी होती.

"न वाचता मी सही करत नाही," ते वकिलाला म्हणाले. "आणि चष्म्याशिवाय वाचता येत नाही."

वकील चष्मा आणायला गेला आणि हात हलवत परत आला. "काका, चष्मा फोटोत आलाय. फोटोतली वस्तू मंजुरीशिवाय हलवता येत नाही."

"आणि मंजुरी?"

"तुमच्या सहीशिवाय मिळत नाही."

"बघा बुवा," बटणवाले म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण फार नव्हतं.

बायको त्यांना नवा चष्मा करायला घेऊन गेली. दुकानदाराने पेटीतली सगळी भिंगं लावून पाहिली. प्रत्येक वेळी बटणवाले खेदाने मान हलवत. शेवटी दुकानदारानेच स्वतःचे डोळे चोळले.

"अहो, समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या शर्टाचं एक बटण वेगळं आहे, हे सकाळी कोण म्हणालं?" बायकोने वाटेत विचारलं.

"ते लांबचं. लांबचं दिसतं मला."

"सोयीचं दिसतं म्हणा."

सुनावणी अगदी शेवटच्या दिवशी लागली. म्हाताऱ्या न्यायाधीशांनी चष्म्याची हकीकत शांतपणे ऐकली, स्वतःचा चष्मा काढला आणि शिपायाच्या हाती पाठवून दिला. "घ्या. वाचा सावकाश."

आता सबब उरली नव्हती. बटणवाल्यांनी चष्मा लावला आणि कागद पार विरघळून गेला. नंबर भलताच होता. कागदावर मजकुराखाली यंत्राचा फोटो होता. त्या धुक्यात यंत्राचा गंज दिसेना, उडालेला रंग दिसेना. ट्रकमधून उतरवलं त्या दिवशी ते असंच दिसत होतं. त्यातून पडलेलं पहिलं बटण बायकोने उचललं होतं आणि एक डोळा मिटून त्याच्या भोकातून त्यांच्याकडे पाहिलं होतं. बटण अजून गरम होतं.

मागच्या बाकावर ती विकत घेणारी बाई बायकोला हळूच विचारत होती, "काकू, तेल रोज घालायचं की दिवसाआड? काकांना विचाराल?"

"वाचलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

बटणवाल्यांनी चष्मा काढला, सवयीने रुमालाने पुसला आणि शिपायाकडे दिला.

"नाही, साहेब. तुमच्या चष्म्यातून एक अक्षर दिसत नाही," ते म्हणाले. मग मागे वळून त्या बाईला म्हणाले, "रोज घालायचं." आणि पुन्हा न्यायाधीशांकडे पाहून, "विकू या."